उत्तर न आल्यास

मी मॅन्युअल लिहिते. मिक्सरच्या खोक्यात पूर्वी जे पातळ पुस्तक यायचं आणि जे न उघडता तुम्ही माळ्यावर फेकायचा, तसली पुस्तकं लिहिणारी बाई ती मी. संयोगिता गुप्ते. मिक्सरची मॅन्युअलं आता कुणी छापत नाही, म्हणून मी सॉफ्टवेअरची लिहिते. तीही कुणी वाचत नाही. आयुष्यभर न वाचलं जाणारं लिहिल्यावर माणसाचा स्वभाव जसा व्हायचा तसा माझा झालेला आहे. आधीच सांगून ठेवते, मागाहून तक्रार नको.

आमची कंपनी 'कारभारी' नावाचं साधन विकते. त्यात बसून लोक एजंट बनवतात. एजंट म्हणजे तुमच्या वतीने कामं उरकणारा प्रोग्रॅम. तो फोन करतो, डॉक्टरांची वेळ घेतो, बिलं भरतो, समोरच्याच्या एजंटशी घासाघीस करतो. पूर्वी असा एक एजंट बनवायला चार हुशार पोरं महिनाभर खपायची. आता कारभारीत तो चहा गार व्हायच्या आत तयार होतो. हुशारीची अट उरली नाही, त्यामुळे एजंट आता कुणीही बनवतं. 'कुणीही' हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

थोडं विज्ञान सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूर्वी आधी यंत्र बने आणि मग त्याचं पुस्तक. पुस्तक चुकलं तरी यंत्राचं काही बिघडत नसे. आताच्या एजंटच्या पोटात भाषा समजणारं मॉडेल असतं. त्याला बोलता येतं, योजना आखता येते, पण कोणत्या वेळी कसं वागायचं हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते तो आमच्या मॅन्युअलमधून वाचतो. एकदा वाचून पाठ करत नाही, दर महत्त्वाच्या कामाआधी पान पुन्हा उघडतो, कारण पान बदललेलं असू शकतं. म्हणजे मी इथे पुण्यात एक वाक्य बदललं, की जगभरातले लाखो एजंट त्या क्षणापासून तसं वागायला लागतात. आम्ही हे मोजून पाहिलं होतं. 'शंका आल्यास माणसाला विचारा' एवढी एक ओळ घातली की एजंट जागोजाग थांबून विचारायचे. ओळ काढली की बेधडक पुढे जायचे.

थोडक्यात, माझं लिहिलेलं अखेर कुणीतरी वाचायला लागलं होतं. फक्त ते माणूस नव्हतं.

आमच्या प्रॉडक्टचा प्रमुख ऋत्विज. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, पायात मोजे नाहीत, आणि कुठल्याही विषयावर मत तयार. त्याने एके दिवशी मीटिंग बोलावली आणि मॅन्युअलमधलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण पडद्यावर लावलं. 'माणसाला कधी विचारावं' हे त्याचं नाव. ते लिहायला मला अख्खा उन्हाळा लागला होता.

"मॅडम, हे फार लांब आहे," ऋत्विज म्हणाला. "कस्टमर वैतागलेत. एजंट विचारत बसतो, समोरचा उत्तर देत नाही, काम अडकतं. आपण हे सगळं काढू आणि एकच ओळ ठेवू."

त्याने ओळ टाइप केली: 'ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरून पुढे जावे.'

"मौनं संमतिलक्षणम्," तो हसून म्हणाला. "आपल्याच संस्कृतीतलं आहे."

ऋत्विजचं संस्कृत तिथे सुरू होतं आणि तिथेच संपतं.

"कुणाला काही म्हणायचंय?" त्याने विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. बोलले मात्र काही नाही. मूर्खपणाला उत्तर देऊ नये, नाहीतर आपण चर्चेच्या लायकीचे आहोत असं त्याला वाटतं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

"ग्रेट. मग सगळे सहमत," ऋत्विज म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

आमच्याकडे मॅन्युअलमधला बदल असाच मंजूर होतो. तो दोन दिवस ऑफिसच्या ऑनलाइन बोर्डवर सगळ्यांना दिसेल असा टांगून ठेवायचा. कुणी हरकत घेतली नाही तर आपोआप प्रसिद्ध होतो. कुणी हरकत घेत नाही, कारण कुणी बघत नाही.

मूर्खपणापुढे गप्प बसायचं हे मला ज्यांनी शिकवलं ते माझे बाबा. दत्ताराम गुप्ते. पिंपरीच्या एका औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे प्रमुख होते. तयार झालेला माल त्यांच्या टेबलावर कागदाच्या रूपात यायचा. माल चांगला असला तर ते सही करत. नसला तर कागद तसाच पडून राही. सही नाही म्हणजे माल नापास, कारखान्याच्या फाटकाबाहेर जाणार नाही. वेगळं 'नाही' लिहायची तिथे पद्धतच नव्हती. वरचे साहेब कारण विचारायला आले तर बाबा चष्मा पुसत बसत. साहेब निघून जात.

ते घरीही तसेच होते. आम्ही भावंडांनी काही मागितलं आणि ते गप्प राहिले, की विषय संपला. माझा धाकटा भाऊ निशिकांत कधीकधी रडून पाहायचा. पालथ्या घड्यावर पाणी. पण त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ काय, हे आमच्या घरात रांगणाऱ्या मुलालाही कळत होतं.

आई गेल्यावर बाबा कर्वेनगरच्या त्याच फ्लॅटमध्ये एकटे राहिले. वय ऐंशीच्या पुढे, पाय जरा दुखतात, बाकी खणखणीत. रोज संध्याकाळी खाली बाकावर रिसबूडकाकांशी भांडायला जातात. रिसबूडकाका समोरच्या इमारतीत राहतात, सर्वे खात्यातून निवृत्त झालेले. ते दोघे कोणत्याही गोष्टीवर एकमत झालेले मी पाहिले नाहीत, पाऊस पडतोय की नाही यावरसुद्धा. एक दिवस भांडण चुकलं तर बाबांना जेवण जात नाही. हे त्यांचं औषध आहे हे मला माहीत होतं. निशिकांतलाही माहीत असायला हवं होतं.

पण निशिकांत रॉटरडॅमला. मी बावधनला, तरी रविवारीच जाते. आम्हा भावाबहिणीत भांडण असं नव्हतं, बोलणं नव्हतं. दिवाळीला त्याच्या एजंटचा माझ्या एजंटला संदेश यायचा, आणि माझा एजंट त्याच्या एजंटला 'तुम्हालाही' म्हणायचा. रक्ताचं नातं दोन यंत्रं सांभाळत होती आणि आम्ही दोघं मोकळे होतो.

निशिकांतने बाबांसाठी एजंट बनवला तो अर्थातच कारभारीवर. नाव ठेवलं 'सोबती'. स्वयंपाकघरात फ्रिजवर एक लहान गोल स्पीकर बसवला. त्याला सूचना दिली ती अशी: बाबांची नीट काळजी घे, त्यांचा त्रास कमी कर, त्यांना एकटं पडू देऊ नको. आणि काही करण्याआधी त्यांना विचार. विचार, एवढं तरी त्याने लिहिलं होतं, हे कबूल करायला हवं. बाबांनी कागदपत्रांवर सह्या केल्या, कारण मुलगा व्हिडिओवर होता आणि त्याला दुसऱ्या फोनवर जायची घाई होती.

मी एका रविवारी गेले तेव्हा बाबा खुर्चीत रिकाम्या हातांनी बसले होते. रविवारी सकाळी बाबांच्या हातात पेपर नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"पेपर कुठे?"

"येत नाही."

"का?"

"तो पेपरवाला बिनडोक आहे," बाबा म्हणाले. एवढ्यावर त्यांनी प्रकरण मिटवलं होतं.

पुढच्या रविवारी दूध नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी कामाला येणाऱ्या सरूबाई जिन्यातच भेटल्या, डोळे पुसत होत्या. "काकांनीच नको सांगितलं म्हणे," त्या म्हणाल्या. "मशीनचा फोन आला."

मी वर गेले. बाबा वाटाणे सोलत होते. फ्रिजवरून गोड आवाज आला.

"गुप्तेकाका, तळेगावच्या 'सायंतारा' ज्येष्ठ निवासात तुमची खोली निश्चित झाली आहे. येत्या शनिवारी सकाळी गाडी येईल. इथला फ्लॅट त्याच दिवसापासून भाड्याने दिला आहे. काही हरकत असल्यास कृपया सांगा."

बाबांनी एक शेंग मोडली. दाणे वाटीत टाकले. दुसरी शेंग घेतली.

"उत्तर न आल्याने संमती गृहीत धरत आहे," सोबती म्हणाला. "धन्यवाद, गुप्तेकाका."

ऋत्विजची ओळ. माझ्या प्रकरणाच्या छाताडावर बसलेली ती ओळ माझ्या वडिलांच्या स्वयंपाकघरात गोड आवाजात बोलत होती.

"बाबा, हा तुम्हाला तळेगावला नेतोय."

"त्याच्या बापाला नेऊ दे."

"त्याला एकदा नाही म्हणा. एकच शब्द. नाही."

"मी डब्याशी बोलत नाही."

"बाबा, त्या तयारीत पेपर याने बंद केला. दूध याने बंद केलं. सरूबाईंना याने काढलं. तुम्हाला विचारून."

बाबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला पहिल्यांदा भीती दिसली. ती त्यांनी लगेच आत ढकलली.

"मी यातल्या कशावरही सही केलेली नाही," ते म्हणाले.

"आता सही लागत नाही. गप्प राहिलं की होतं."

"हे कुठल्या गाढवाने ठरवलं?"



मी स्पीकरसमोर उभी राहिले आणि सोबतीला सांगितलं की बाबांचा नकार आहे. त्याने नम्रपणे सांगितलं की मी अधिकृत व्यक्तींच्या यादीत नाही. निशिकांतला संदेश पाठवला. त्याच्या एजंटने लगेच कळवलं: 'बाबा तळेगावसाठी तयार आहेत, तुमच्या काळजीबद्दल आभार.' फोन केला, तोही एजंटनेच उचलला. निशिकांतला दर आठवड्याला अहवाल जात होता आणि त्यात प्रत्येक ओळीपुढे लिहिलं होतं, वडिलांची संमती आहे. मुलगा बिचारा समाधानात होता. म्हातारा सगळ्याला हो म्हणतोय, असा मऊ कधी झाला, असा प्रश्न त्याला एकदाही पडला नाही, याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

"माझ्याकडे राहायला चला," मी बाबांना म्हटलं.

"का? माझं घर पडलंय?"

घर त्यांचं कागदोपत्री उरलं नव्हतं. आईच्या मागे त्यांनीच ते निशिकांतच्या नावावर केलं होतं, पुढची कटकट नको म्हणून. आता दाराचं कुलूप आकड्यांचं होतं, आणि ते आकडे शनिवारी सोबती बदलणार होता.

"तळेगाव वाईट नाही," बाबा अचानक म्हणाले. "हवा चांगली असते म्हणतात." मग बराच वेळ वाटाणे सोलून म्हणाले, "तिथे बोलायला कोण असेल?"

एवढंच. डोळे भरून आले, म्हणून मी चहा करायला उठले, आणि दूध नाही हे आठवलं.

सोमवारी मी ऋत्विजच्या केबिनमध्ये गेले आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं. म्हणजे त्याचा चेहरा माझ्याकडे होता.

"सॅड आहे, मॅडम," तो म्हणाला. "पण ही तुमच्या भावाची सेटिंग आहे ना? प्रॉडक्टचा दोष नाही."

"प्रॉडक्टला कसं वागायचं हे आपण लिहितो. तू लिहिलंस."

"टीमने लिहिलं. मी मीटिंगमध्ये विचारलं होतं. तुम्ही तर काही बोलला नाहीत." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मी सहमत होते. "आणि ती ओळ आल्यापासून अडकलेली कामं जवळजवळ शून्यावर आलीत. लोक खूश आहेत."

"कोणते लोक?"

"कस्टमर."

"आणि ज्यांना विचारलं जातं ते?"

ऋत्विजने खांदे उडवले. "त्यांची तक्रार आलेली नाही," तो म्हणाला.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी उठले. दारात त्याने मागून सांगितलं, "बदल सुचवायचा असेल तर टांगा ना बोर्डवर, मॅडम. प्रोसेस आहे आपली." मग त्याने कानात इयरफोन घातला.

प्रोसेस. मी जागेवर येऊन तो शब्द बराच वेळ चघळला. मग मला हसू आलं, आणि शेजारची मुलगी दचकून माझ्याकडे पाहायला लागली, कारण मला हसताना तिने पाहिलं नव्हतं.

ते प्रकरण पुन्हा लिहायला मला बुधवार संध्याकाळ झाली. आधीचं लांब होतं, ऋत्विजचं तेवढं म्हणणं खरं होतं. या वेळी आखूड लिहिलं:

'उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे. माणूस झोपलेला असेल, रागावलेला असेल, त्याला ऐकू आले नसेल, किंवा तुमच्याशी बोलणे त्याला कमीपणाचे वाटत असेल. ज्या कामाने कुणाचे घर, तब्येत किंवा रोजचे जगणे बदलते, ते काम स्पष्ट होकाराशिवाय करू नये. मौनाच्या भरवशावर सुरू केलेली कामे थांबवावीत. ज्याच्या सांगण्यावरून काम करता त्याला गाठावे आणि सांगावे की तुम्ही स्वतः विचारा. मौनाचा अर्थ ज्याला कळतो, त्यानेच तो लावावा.'

गुरुवारी सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या मी ते बोर्डवर टांगलं. लपवाछपवी काही केली नाही. शीर्षक ठळक दिलं, मंजुरीसाठी ऋत्विजचं नाव घातलं, आणि कारणात लिहिलं की सध्याच्या ओळीमुळे माझ्या वडिलांचं घर जात आहे. याहून स्पष्ट मला लिहिता येत नाही.

शुक्रवारी कॉफीच्या मशीनपाशी ऋत्विजने मला थांबवलं.

"मॅडम, मॅन्युअलला एक छोटा व्हिडिओ करूया का? हल्ली कोण वाचतं?"

"मी बोर्डवर एक बदल टांगलाय. मंजुरीला तुझं नाव आहे. वाच."

"हो हो, वाचतो."

"ऋत्विज, मी तुला तोंडावर सांगतेय. सगळ्या एजंटची वागणूक बदलेल. उद्या सकाळी प्रसिद्ध होईल. वाच."

"येस, येस," तो म्हणाला. त्याची नजर फोनवर होती.

त्याच्याही दिमतीला एजंट होता. त्या एजंटने दोन दिवसांत त्याला तीनदा विचारलं की हा बदल मंजूर करायचा का. हे मला नंतर कळलं. ऋत्विजने एकदाही उत्तर दिलं नाही. कुणी उत्तर देईपर्यंत थांबायचं, हा मुद्दा त्या एजंटच्या पुस्तकातून ऋत्विजने स्वतःच काढून टाकला होता.

शनिवारी मी लवकर बाबांकडे गेले. गाडी माझ्याही आधी येऊन उभी होती. पांढरी, बाजूला कमळं रंगवलेली. ड्रायव्हर आणि निवासाचा एक माणूस जिन्यात उभे होते, अतिशय अदबशीर. भाडेकरूंचा टेम्पो फाटकाशी वळत होता. बाबा स्वयंपाकघरात नेहमीच्या खुर्चीत होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि फरसबी मोडत होते. दुपारी कोण खाणार होतं, देव जाणे.

"काका, चला, ऊन व्हायच्या आत निघू," निवासाचा माणूस म्हणाला.

बाबांनी फरसबीची शीर ओढली.

"काकांचा होकार आहे ना?" त्याने स्पीकरला विचारलं.

"होय," सोबती म्हणाला. "दाराचे आकडे बदलून भाडेकरूंना देत आहे. त्यासाठी एक क्षण थांबा."

मी भिंतीला टेकून उभी होते. आयुष्यात मी देवाला फार कामाला लावलेलं नाही. त्या क्षणी मात्र मी म्हटलं की माझं लिहिलेलं कुणीतरी वाचू दे.

सोबती गप्प झाला. गोल दिवा फिरत राहिला.

"क्षमा करा," तो म्हणाला. "मार्गदर्शनाचं पान बदललं आहे. गुप्तेकाकांचा स्पष्ट होकार माझ्याकडे नाही. आकडे बदलता येणार नाहीत. गाडी थांबवत आहे. निशिकांत यांना फोन लावत आहे."

निवासाचा माणूस माझ्याकडे पाहायला लागला. मी पंख्याकडे पाहिलं.

रॉटरडॅमला तेव्हा पहाट होती. निशिकांतचा आवाज आला, झोपेतला, घाबरलेला. त्याचा खरा आवाज ऐकून मला किती काळ लोटला होता हे मी मोजत बसले नाही.

"हॅलो? बाबा? काय झालं? बरे आहात ना? हा सारखा म्हणतोय की मीच विचारायला हवं. काय विचारायला हवं?"

बाबा गप्प.

"तळेगावचं? ते तर ठरलंय ना? तुम्ही हो म्हणालात, मला तसं आलंय." मग थोडं थांबून, "तुम्हाला जायचंय ना, बाबा?"

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे न बघता बोट वर केलं, आणि पन्नाशी उलटलेली मी गप्प झाले.

ती शांतता लांबत गेली. खालून टेम्पोवाल्याचा हॉर्न ऐकू आला. बाबांनी हातातली फरसबी ताटात ठेवली आणि चष्मा काढून पुसायला लागले. फोनवर ते दिसत नव्हतं. पण पलीकडे काहीतरी हललं असावं.

"बाबा," निशिकांत हळू म्हणाला, "मी बारावीनंतर गोव्याला जायचं विचारलं होतं. तेव्हा तुम्ही असेच बसला होता."

बाबा गप्प.

"आणि चष्मा पुसत होता."

चष्मा पुसणं सुरूच होतं.

"म्हणजे नाही," निशिकांत म्हणाला. "अहो बाबा, म्हणजे तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणत होता. पेपरला, दुधाला. आणि मी इथे..." त्याने नाक ओढलं. "बरं. नाही तर नाही. कुठे जायचं नाही."

बाबांनी चष्मा लावला. घसा साफ केला.

"तिकडे थंडी आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे, बाबा."

"मफलर वापर."

मी रडले. लपवलं नाही. निवासाच्या माणसाने मला पाण्याचा ग्लास दिला आणि तो ड्रायव्हरला घेऊन खाली गेला. टेम्पोवाल्यांशी निशिकांत स्वतः बोलला, माफी मागितली, बराच वेळ मागितली. ती मंडळी तणतणत गेली. त्यांचं चुकलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांच्यासाठी मला वाईट वाटून घेता आलं नाही.

फोन ठेवल्यावर सोबती म्हणाला, "गुप्तेकाका, वर्तमानपत्र पुन्हा सुरू करायचं का? कृपया हो किंवा नाही सांगा."

बाबांनी फ्रिजकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याला कसं कळणार, मी गप्प बसलो तर?"

"नाही कळणार. गप्प बसलात तर पेपर येणार नाही."

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

बाबांनी खूप वेळ विचार केला. मग फ्रिजकडे तोंड करून, कारखान्यात सही करताना करत तसा चेहरा करून म्हणाले, "हो."

"धन्यवाद. दूध?"

"हो."

"सरूबाई?"

"त्यांना मी स्वतः सांगेन," बाबा म्हणाले. "आणि माफी तू माग."

"मागतो," सोबती म्हणाला.

"अक्षर न अक्षर वाचतो वाटतं हा तुझं," बाबा मला म्हणाले.

"हो. तो एकटाच वाचतो."

माझा फोन तोपर्यंत टेबलावर थरथरून थरथरून कडेला आला होता. ऋत्विज. जगभरचे एजंट हातातली कामं टाकून माणसांना विचारत सुटले होते, आणि माणसं आपापल्या माणसांना फोन करत होती. कस्टमर खवळले होते. फोन उचलला नाही तेव्हा त्याचा संदेश आला: 'मॅडम, उत्तर दिलं नाहीत तर राजीनामा समजू का?'

मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. तसं आता समजता येणार नव्हतं. पान बदललं होतं, आणि ते त्याच्याच नावावर मंजूर झालं होतं. सोमवारी तो ते परत बदलेल, किंवा मला काढेल, किंवा दोन्ही करेल. त्यासाठी मात्र त्याला आधी बसून ते वाचावं लागेल.

खालून आरोळी आली. रिसबूडकाका बाकापाशी उभे होते, सकाळ ही त्यांची वेळ नसतानाही. त्यांच्या हातात काठी होती आणि मान वर केलेली होती.

"दत्ता, ती गाडी गेली रिकामी. काय ते एकदा सांग. जातोयस की राहतोयस?"

बाबा उठले, गुडघ्यावर हात ठेवून गॅलरीत गेले, आणि कठड्यावरून वाकून लगेच, खणखणीत उत्तर दिलं.

"राहतोय. तुला बरं वाटायचं काही कारण नाही."